कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठच, असं धरून चालू नका

बोका टेबलावर ठेवता ठेवता घरची माणसं मला सांगतात, "डॉक्टर, दोन दिवस झाले, याला शी होत नाहीये." लिटरमध्ये, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, उठतो, पुन्हा बसतो. कुणी मायेनं एरंडेलही पाजलेलं असतं. मी पोटाला हात लावते तेव्हा मागच्या बाजूला मोसंबीसारखा कडक गोळा लागतो. ते लघवी तुंबून ताणलेलं मूत्राशय असतं. शीचा आणि त्याचा काही संबंध नसतो.

हे बहुतेक वेळा बोक्यांनाच होतं. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब, आणि टोकाकडे फारच अरुंद. वाळूसारखे बारीक स्फटिक आणि बुळबुळीत स्राव यांची गुठळी तिथं बसली की वाट बंद. मग मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात. 24 ते 48 तासांत बोका दगावू शकतो. उलट्या होणं, अंग गार पडणं, निपचित पडून राहणं ही फार उशिराची लक्षणं आहेत, तोवर थांबायचं नाही. वेळेत आणलात तर भूल देऊन कॅथेटर घालता येतो, सलाईन लावता येतं, आणि बहुतेक बोके बरे होऊन घरी जातात. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी कधीही करू नका, मूत्राशय फुटू शकतं.

थेंब थेंब होतेय, लालसर आहे, मांजर सारखं तिथंच चाटतंय, बाथरूमच्या जाळीवर किंवा गादीवर करतंय, तर तेही दुखणंच आहे. खोडसाळपणा समजून त्याला मारू नका हो! तरुण मांजरांत अशा वेळी बहुधा जंतू सापडतच नाहीत. मूत्राशयाला सूज असते, आणि त्यामागे पुष्कळदा ताण असतो: घरात आलेलं नवं मांजर, रंगकाम, दिवाळीचे फटाके. म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊन उपयोग नाही. जंतुसंसर्ग जास्त करून म्हाताऱ्या, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्या मांजरांना होतो. आणि पॅरासिटामॉल? अजिबात नाही. एका गोळीनंही मांजर मरू शकतं.

मूत्राशयात खडे असतील तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागते. खड्यांचे मुख्य प्रकार दोन: स्ट्रुव्हाइटचे खडे खास आहारानं विरघळतात, ऑक्झलेटचे विरघळत नाहीत.

मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यामुळे त्याला तहान कमी आणि लघवी दाट. ड्राय फूडमध्ये पाणी साधारण 10 टक्के, पाऊचमधल्या ओल्या खाण्यात 75 टक्क्यांच्या वर. निदान एक वेळचं तरी ओलं द्या. चिकन उकडलेलं पाणी चालेल, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त ठेवा, दोन मांजरांना तीन.

रोज लिटर काढताना लघवीनं वाळूची झालेली ढेकळं मोजा. माझ्या घरचा बोका दिवसाला तीन मोठी ढेकळं करतो. एकदा संध्याकाळी मला नाण्याएवढी सात-आठ दिसली, तेव्हा त्याच रात्री मी त्याला तपासलं.

आणि रात्री डॉक्टरांना फोन कराल तेव्हा "मांजर बरं नाही" एवढंच सांगू नका. "बोका आहे, सकाळपासून कुंथतोय, लघवीचा थेंब नाही," असं सांगा, आणि बोलता बोलता बास्केट काढायला घ्या.