प्रवाळाच्या छोट्या टाकीतले पाणी

श्रोतेहो, नमस्कार. खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवणाऱ्यांसाठी आणि तशी टाकी मांडण्याच्या विचारात असणाऱ्यांसाठी आजचे हे भाषण आहे. दिवे, पंप आणि मासे यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते, पण प्रवाळ जगतो की मरतो हे मुख्यतः पाण्याच्या रसायनावर ठरते, म्हणून मी आज केवळ पाण्याविषयीच बोलणार आहे.

‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे विश्लेषण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. समुद्र कोठलाही असो, पाण्याचा खारेपणा थोडा कमी-अधिक असला तरी त्यात विरघळलेल्या मुख्य घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सारखेच असते, हे त्या कामातून पक्के झाले. प्रवाळ अशा स्थिर पाण्यात घडलेला जीव आहे. चाळीस लिटरच्या टाकीत मात्र आदल्या दिवसापेक्षा आज वेगळे पाणी असणे सहज शक्य असते, आणि माझ्या मते छोट्या टाकीची खरी अडचण हीच आहे. आदर्श आकडा गाठण्यापेक्षा, चालण्याजोगा आकडा रोज तसाच राखणे प्रवाळाला अधिक मानवते.

पहिली गोष्ट लवणतेची. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि २५ अंश सेल्सिअसला त्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ भरते. टाकीतून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी असते, क्षार मागेच राहतात. चाळीस लिटर पाण्यातून दोन लिटर उडून गेले, तर ३५ ची लवणता जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून वाफेने कमी झालेली पातळी नेहमी गोड्या पाण्यानेच भरून काढायची असते. खारे पाणी ओतले तर दर वेळी क्षारांची भर पडत जाते. हे गोडे पाणीही नळाचे नसावे, कारण त्यात क्लोरीन किंवा क्लोरामीन, कधी तांबे, कधी सिलिकेट आणि फॉस्फेट असू शकते. तांब्याचा अल्प अंशही अपृष्ठवंशी जीवांना घातक ठरतो. आरओ आणि त्यापुढे डीआय राळेतून, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या राळेतून, गाळलेले पाणी वापरावे, आणि पातळी राखणारा स्वयंचलित फ्लोट छोट्या टाकीत चैन समजू नये. लवणता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल, तर तो साध्या पाण्यावर शून्याला जुळवण्याऐवजी ३५ लवणतेच्या प्रमाण द्रावणावर जुळवावा, कारण आपल्याला अचूकपणा हवा असतो तो तेथेच.

आता मुख्य विषयाकडे येतो. कठीण सांगाडा असलेला प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. त्यासाठी लागणारे कॅल्शियम आणि बायकार्बोनेट तो सभोवतालच्या पाण्यातून घेतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असते. बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांचा अंदाज आपण अल्कलिनिटी मोजून घेतो. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता; ती जर्मन अंशांत, म्हणजे डीकेएचमध्ये, सांगण्याची पद्धत आहे. समुद्रात ती सात अंशांच्या आसपास असते, तर टाकीत सात ते नऊ अंशांच्या दरम्यान ती राखणे सुरक्षित समजावे.

या दोन घटकांचा खप ठराविक प्रमाणात होतो. सांगाडा बांधताना अल्कलिनिटी २.८ अंशांनी उतरली, तर कॅल्शियम साधारण २० पीपीएमने उतरते. हे गणित मुद्दाम सांगतो, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आठ अंशांतून २.८ अंश गेले, तर एकतृतीयांशाहून अधिक साठा संपला; ४२० मधून २० गेले, तर पाच टक्केही नाही. त्यामुळे कॅल्शियमची चाचणी ‘सर्व ठीक’ असे दाखवत असतानाच अल्कलिनिटी धोक्याच्या पातळीला आलेली असू शकते. कामाच्या धबडग्यात एकच चाचणी करण्याइतका वेळ असेल, तर ती अल्कलिनिटीची करावी. ती ठराविक वेळी, त्याच चाचणी-संचाने करावी आणि आकडा वहीत लिहून ठेवावा.

आपल्या टाकीचा रोजचा खप काढणे कठीण नाही. समजा, खडक आणि वाळू वजा जाता टाकीत प्रत्यक्ष ३४ लिटर पाणी आहे. काहीही न घालता पहिल्या दिवशी अल्कलिनिटी ८.४ भरली आणि बरोबर दोन दिवसांनी ती ७.० झाली, म्हणजे रोज ०.७ अंश खर्च होतो. शंभर लिटर पाण्याची अल्कलिनिटी एक अंशाने वाढवायला सुमारे तीन ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे शुद्ध खाण्याचा सोडा, लागतो. त्या हिशेबाने या टाकीला रोज पाऊण ग्रॅमही सोडा लागत नाही. त्याच्या जोडीला रोज पाच पीपीएम कॅल्शियम खर्च होते; ते भरून काढायला दोन जलरेणूंसह असलेले कॅल्शियम क्लोराइड साधारण ०.६ ग्रॅम पुरते. या मात्रा किती लहान आहेत याकडे लक्ष द्यावे. चमच्याच्या अंदाजाने काम करणाऱ्याची टाकी का बिघडते, हे यावरून कळते. दोन्ही पदार्थ स्वतंत्र बाटल्यांत शुद्ध पाण्यात विरघळवून ठेवावेत आणि मिलिलिटरने मोजून, एकामागोमाग न घालता वेळेचे अंतर ठेवून, प्रवाह जोरात असेल तेथे सोडावेत. दोन्ही द्रावणे तीव्र स्वरूपात एकत्र आली तर पाणी दुधाळ होते आणि ज्यासाठी हा खटाटोप केला, तेच कॅल्शियम कार्बोनेट तळाशी साका होऊन बसते.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतो, मग हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. टाकीची अल्कलिनिटी ७.० असताना ८.४ अंशांचे नवे पाणी दहा टक्के घातले, तर टाकीचा आकडा ०.१४ ने वाढतो. आपल्या उदाहरणातील टाकी एका दिवसात त्याच्या पाचपट खर्च करते. मऊ प्रवाळ किंवा थोडेच कठीण प्रवाळ असतील, तोवर पाणी बदलणे पुरेसे ठरते, पुढे नाही. तरीही ते बंद करू नये. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड रोज घालत गेल्याने मागे सोडियम आणि क्लोराइड साचत जातात, शिवाय सूक्ष्म घटकांचा तोल ढळतो, आणि त्यावर पाणी बदलण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. फक्त नवे पाणी लवणतेने आणि तापमानाने टाकीतल्या पाण्याशी जुळलेले असावे, आणि क्षारमिश्रण निवडताना त्याच्या द्रावणाची अल्कलिनिटी आधी तपासून घ्यावी. बाजारातील मिश्रणांत ती सातपासून बारा अंशांपर्यंत आढळते, आणि आठ अंशांच्या टाकीत बारा अंशांचे पाणी मोठ्या प्रमाणात ओतणे म्हणजे दर आठवड्याला प्रवाळाला धक्का देणे होय.

दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा. श्वासातील कार्बन डायऑक्साइड ओळखण्यासाठी शाळेच्या प्रयोगात वापरली जाते तीच ही निवळी. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे संपृक्त द्रावण. मला हा मार्ग फार आवडतो, कारण यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात मिळतात आणि मागे नको असलेला क्षार उरत नाही. तरीही छोट्या टाकीत येथे मोठी दक्षता हवी. संपृक्त निवळीचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे १२.४ असतो. आपल्या ३४ लिटरच्या टाकीत अर्धा लिटर निवळी गेली, तर अल्कलिनिटी जवळजवळ १.७ अंशांनी चढेल, आणि ती एकदम गेली तर सामूची उसळी प्रवाळाला सोसवणार नाही. या टाकीचा रोजचा खप २०० मिलिलिटर निवळीत भागतो. तेवढी निवळी वाफेची भरपाई करणाऱ्या गोड्या पाण्यात मिसळून रात्रभर थेंबथेंब सोडावी. भांडे झाकलेले असावे, तळाचा गाळ ढवळू नये, आणि हाताळताना हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. हे द्रावण दाहक आहे.

कधी असे होते की सोडा घातला, कॅल्शियम घातले, तरी दोन्ही आकडे वर येत नाहीत आणि हीटरवर व पंपाच्या चक्रावर पांढरा थर मात्र वाढत जातो. अशा वेळी मॅग्नेशियम तपासावे. समुद्राचे पाणी कॅल्शियम कार्बोनेटने मुळातच अतिसंपृक्त असते. ते आपोआप खाली बसत नाही याचे एक मोठे कारण मॅग्नेशियम हे आहे. वाढू पाहणाऱ्या स्फटिकांच्या पृष्ठभागावर ते जाऊन बसते आणि त्यांची वाढ रोखते. समुद्रात ते १३०० पीपीएमच्या आसपास असते. ते १२०० च्या खाली गेले, तर आधी मॅग्नेशियम हळूहळू वर आणावे, मग बाकीच्या दोघांकडे वळावे. लवणता कमी असेल, तर हे सगळेच आकडे कमी दिसतात, म्हणून कोणत्याही दुरुस्तीपूर्वी लवणता पाहावी.

सामूविषयी माझे मत जरा कठोर आहे. टाकीचा सामू दिवसभर बदलतो. दिव्याखाली प्रवाळातील सहजीवी शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरते, त्यामुळे सामू चढतो. रात्री सर्वांचे श्वसन चालू राहते आणि तो उतरतो. सकाळी ७.९ आणि संध्याकाळी ८.३ ही आजारी टाकीची लक्षणे नव्हेत. सामू वाढवणाऱ्या बाटल्या मात्र बहुधा अल्कलिनिटीच वाढवतात. सामू सकाळी कमी दिसला म्हणून बाटली ओतणारा माणूस दोन आठवड्यांत अल्कलिनिटी बारावर नेऊन ठेवतो आणि सामू पुन्हा खालीच येतो, कारण मूळ कारण बहुतेक वेळा बंद खोलीत साचलेला कार्बन डायऑक्साइड असते. याची खात्री करायची असेल, तर टाकीतले पेलाभर पाणी बाहेर मोकळ्या हवेत नेऊन तासभर त्यात हवेचे बुडबुडे सोडावेत आणि सामू पुन्हा मोजावा. तो वाढला, तर टाकीत काही ओतण्याची गरज नाही. खिडकी उघडावी किंवा स्किमरची, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातील घाण फेसावर काढणाऱ्या यंत्राची, हवा ओढणारी नळी खोलीबाहेर न्यावी.

नायट्रोजन चक्राबद्दल थोडक्यात सांगतो. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्याशिवाय एकही जीव आत सोडू नये. यात तडजोड नको, कारण सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त, आणि खाऱ्या पाण्याचा सामू जास्तच असतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट यांना शत्रू समजून शून्यावर नेण्याची धडपड अनेक जण करतात. फॉस्फेट फार वाढले तर सांगाडा बांधण्याची क्रिया मंदावते आणि शेवाळ माजते हे खरे. पण ते पूर्णपणे काढून घेतले तर प्रवाळ फिकट पडतो आणि उपाशी राहतो. नायट्रेट दोन ते दहा पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात बहुतेक टाक्या सुखात चालतात. फॉस्फेट शोषणारा लोहयुक्त पदार्थ वापरायचा असेल, तर सांगितलेल्या मात्रेच्या थोड्या भागापासून सुरुवात करावी. खडक आणि वाळू यांनी धरून ठेवलेले फॉस्फेट नंतर हळूहळू सुटत राहते, त्यामुळे ते एका दिवसात उतरवण्याचा प्रयत्न प्रवाळाला त्रास देतो आणि टिकतही नाही. पोषकद्रव्ये अगदी कमी असताना अल्कलिनिटी दहा-अकरावर ठेवली, तर फांद्यांची टोके जळून पांढरी पडतात, असा प्रवाळ पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

अल्कलिनिटीचा आकडा चुकला तर तो सावकाश सुधारावा. दिवसाला अर्धा अंश पुरे, एक अंशापुढे जाऊ नये. लवणतेलाही एका दिवसात एकाहून अधिक एककाने हलवू नये. चाचणीत अनपेक्षित आकडा आला, तर आधी तीच चाचणी पुन्हा करावी आणि संचाची मुदत पाहावी. एका चुकीच्या वाचनावर घातलेली मात्रा परत काढता येत नाही.

वहीतले आकडे आणखी एका कामी येतात. रोज ०.७ अंश खर्च करणारी टाकी अचानक ०.२ अंशच खर्च करू लागली, तर प्रवाळांनी सांगाडा बांधणे थांबवले आहे असे समजावे. रंग उतरण्याआधी किंवा ऊती सोलून निघण्याआधी ही खूण बहुधा वहीत दिसते. अशा वेळी नेहमीची मात्रा चालू ठेवली, तर न खपलेली अल्कलिनिटी रोज साचत जाते आणि आधीच त्रासलेल्या जीवावर दुसरा भार पडतो. मात्रा त्याच दिवशी खपाइतकी खाली आणावी, मग तापमान, लवणता आणि फॉस्फेट या क्रमाने कारण शोधावे, आणि खप पुन्हा चढू लागेल तसतशी मात्रा त्याच्या मागोमाग वाढवावी.