घरी दिवसभर कोण असतं?

नमस्कार. पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव ‘कर्करुग्ण आणि कुटुंबीयांसाठी घरपोच आधार व शिक्षण : पाच सूत्रं’ असं छापलंय. नाव संयोजकांनी दिलं. सूत्रं पाचच का, हे त्यांनाच विचारा. मी नर्स. बरीच वर्षं कर्करुग्णांच्या घरी जाऊन काम केलं, त्यामुळे तोंड उघडण्याआधी खोलीभर नजर फिरवायची खोड लागली आहे. पहिल्या रांगेत तिघं वही-पेन सरसावून बसलेत. खरं सांगू? मला अशा माणसांची भीती वाटते. का, ते सांगते, आणि ते सांगण्यातच माझा निम्मा वेळ जाणार आहे.

एका घरी काकांना हाडांत पसरलेला कर्करोग होता. मुलगा अतिशय हुशार. त्याच्याकडे फाइल होती, फाइलला रंगीत खुणा होत्या. रक्ताचे रिपोर्ट तारखेनुसार, औषधांचा तक्ता वेगळा, तक्त्यात प्रत्येक डोससमोर टिक. मी त्याला सगळं समजावलं. मॉर्फिन दर चार तासांनी, दुखो न दुखो, घड्याळ बघून. त्यानं प्रश्नही असे विचारले की मला वाटलं, हा उद्या माझी नोकरी घेणार. शंभरपैकी शंभर दिले मनातल्या मनात.

पण काका कण्हतच होते. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी कण्हतच होते. तक्त्यात टिका मात्र व्यवस्थित.

एकदा मी न कळवता दुपारी गेले. मुलगा कामावर. दार काकूंनी उघडलं. इतक्या वेळा त्या घरी गेले होते, पण काकूंशी माझं बोलणं ‘बसा’, ‘पाणी देऊ?’ एवढंच. म्हटलं, काकू, आज गोळी तुम्हीच देऊन दाखवा. त्यांनी कपाट उघडलं, गोळी काढली, सुरीनं तिचे दोन भाग केले. एक काकांना दिला. दुसरा एका लहानशा डब्यात टाकला. डबा अर्ध्या गोळ्यांनी निम्मा भरलेला!

मी विचारलं, ‘‘हे काय?’’ तर मलाच वेड्यात काढल्यासारखं बघून म्हणाल्या, ‘‘सिस्टर, आत्ताच सगळा जोर वापरून टाकला, तर शेवटी जास्त दुखेल तेव्हा काय द्यायचं?’’

बघा, यात चुकलं काय? आयुष्यभर घर चालवलेल्या बाईचा हिशोब आहे हा. वस्तू पुरवून वापरायची. फक्त मॉर्फिन असं संपत नाही. वेदना वाढली की डॉक्टर डोस वाढवू शकतात, त्याला पॅरासिटामॉलसारखी ठरावीक वरची रेघ नसते. हे मला माहीत होतं, मुलाला माहीत होतं. रात्री तो आईला विचारायचा, ‘‘दिलं?’’ ती म्हणायची, ‘‘दिलं.’’ तो टिक करायचा. कोणीही खोटं बोलत नव्हतं!

आणि सोबतचं पोट साफ व्हायचं औषध? ते तर दिलंच नव्हतं. ‘‘ह्यांना पोटाचा आजार नाहीये.’’ मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतोच, म्हणून ते औषध पहिल्या दिवसापासून जोडीला असतं. पण हे काकूंना सांगायला कुणाला सवड होती? त्यामुळे काकांचं पोट गच्च, त्याचा दोष गोळीला, म्हणून गोळी आणखी अर्धी. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, डोस नव्यानं ठरला, आणि मग काकूंच्या शेजारी बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं.

तर माझं म्हणणं एवढंच. शिकवणं चांगलं होतं, विद्यार्थी चुकीचा निवडला होता. दवाखान्यात जो सोबत येतो तो घरी औषध देतोच असं नाही. जो वही काढतो तो रात्री जागतोच असं नाही. पहिल्या रांगेतल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही फाइल सांभाळा, ती लागतेच. पण घरात पाऊल टाकल्यावर माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे : दिवसभर इथे कोण असतं?

ही काही माझी थोर कल्पना नव्हे. शेवटच्या आजारात वेदना हलकी करायच्या आजच्या सेवेचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या (हे मी प्रत्येक भाषणात सांगते, डॉक्टर मंडळी हसतात), मग समाजसेविका, आणि १९५७मध्ये डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांसाठीचं सेवाघर, काढलं आणि दोनच वर्षांत तिथली माणसं रुग्णांच्या घरी जायला लागली. वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, नात्यांची, पैशाचीही असते, असं त्या म्हणत. नात्यांची वेदना खाटेवर थोडीच दिसते! ती स्वयंपाकघरात उभी असते.

एक तक्रारही करून घेते. घरी सोडताना रुग्णालयं जी पत्रकं देतात, ती कोणासाठी लिहिलेली असतात हो? एका पत्रकात होतं, ‘ज्वर आढळल्यास त्वरित संपर्क साधावा.’ ज्वर म्हणजे किती? आणि रविवारी रात्री संपर्क साधायचा कुणाशी? त्या घरात थर्मामीटर होता, पण त्याचं वेष्टनसुद्धा न फोडलेलं...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, सूत्रं. पळत पळत.

पहिलं सांगून झालं : खरा माणूस शोधा. दुसरं, धोक्याच्या खुणा आकड्यात सांगा. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे लगेच फोन, मध्यरात्रीसुद्धा. आधी तापाची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. ते दिवस कॅलेंडरवर रंगवून या.

तिसरं. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘आता तुम्ही मला सांगा’ म्हणा, नाहीतर करून दाखवायला सांगा. सुरी तेव्हाच दिसते.

चौथं, घरून कळवायची सोय. अमेरिकेतला २०१७चा एक अभ्यास आहे, ७६६ रुग्णांचा. निम्म्याहून अधिक जण आपल्या तक्रारी संगणकावरून नियमित कळवत होते, तक्रार वाढली की नर्सला निरोप जायचा. त्यांच्या आयुष्याचा मध्यक, म्हणजे ओळीतला मधला आकडा, इतरांपेक्षा पाचेक महिने जास्त निघाला. हा आकडा घरच्यांना आशा म्हणून विकू नका, एकाच अभ्यासातला आहे. पण दोन भेटींच्या मध्ये कोणीतरी विचारपूस करणं हा नुसता चांगुलपणा नाही, उपचार आहे, एवढं त्यातून घ्या. संगणक नसेल तर साधा फोन करा.

दुसरी चिठ्ठी. हो, थांबते.

पाचवं : माणूस गेल्यावरही एकदा त्या घरी जा. काका गेल्यावर पंधरा दिवसांनी मी गेले. काकूंनी डबा आणून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, ‘‘ओळखीत एकांना असाच आजार आहे, त्यांना देऊ का?’’ उरलेलं मॉर्फिन घरात ठेवायचं नसतं, दुसऱ्या कुणाला तर मुळीच द्यायचं नसतं, ते नियमानुसार परत करायचं असतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मुलाला सांगितलं होतं.