वहीत न उतरणारा खर्च

श्रोतेहो, नमस्कार.

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेलं माणूस घरात असलं की दिवस कसा जातो, हे सांभाळणाऱ्यालाच ठाऊक. आंघोळीसाठी मनधरणी करायची. गोळी गिळली की गालातच धरून ठेवलीय, ते बघायचं. संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी गेलेल्या वडिलांना समजावून परत आणायचं, तेही त्यांच्या स्वतःच्याच घरात! यासाठी कुणीतरी नोकरी सोडतं. बहुतेकदा मुलगी, सून किंवा बायको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली या आजाराचा जगभरातला खर्च १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यातला जवळपास निम्मा वाटा घरच्यांच्या आणि जवळच्यांच्या बिनपगारी सेवेचा आहे. दिवसाला सरासरी पाच तास!

म्हणूनच प्रतिबंधाच्या कार्यक्रमांना ‘परवडत नाही’ म्हणतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं, हे पाच तास तुम्ही धरलेत का?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये या आजाराच्या धोक्याची १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असं आयोग म्हणतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, कमी ऐकू येणं ही त्यातलीच. यांवरचे उपाय साधे आहेत. फिनलंडमध्ये साठी ओलांडलेल्या १,२०० हून अधिक लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर देखरेख असं सगळं एकत्र मिळालं. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची आकलनशक्ती सरस राहिली. एवढ्याने आजार टळतो हे सिद्ध होत नाही, दोन वर्षं त्याला अपुरीच. पण आजार नुसता लांबला तरी मोल मोठं आहे. उतारवयात दोन वर्षं उशीर म्हणजे स्वतःच्या हाताने जेवण्याची, स्वतःचे व्यवहार बघण्याची दोन वर्षं. काहींना तर तो आजार हयातीत गाठणारही नाही.

खरी अडचण पैसा कुणाचा, ही आहे. रक्तदाब तपासणीचा आणि व्यायामवर्गाचा खर्च आरोग्य खात्याच्या नावावर पडतो आज. बचत होते दहा-पंधरा वर्षांनी, एखाद्या घरात, जिथली मुलगी नोकरीवर टिकून राहते. तिचा पगार, तिचं निवृत्तिवेतन खात्याच्या ताळेबंदात दिसत नाही. कार्यक्रमाचं मूल्यमापन करताना तो रकाना घालायलाच हवा, आणि श्रवणयंत्राला चैनीची वस्तू समजणंही थांबवायला हवं.