दिवा पेटला, पण झालं काय?

मघाशी पडद्यावर फेन्सिंगची, म्हणजे तलवारबाजीची, जी लढत दाखवली, तिच्यात शेवटचा गुण कसा मिळाला हे कुणाला कळलं? हात वर करा. दोनच. मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. दोन मुखवटेवाले पुढे-मागे सरकतात, काहीतरी चमकतं, दिवा पेटतो, एक जण ओरडतो. कधी दोन्ही दिवे पेटतात, मग दोघंही ओरडतात!

हा फॉइलचा खेळ, फेन्सिंगचा एक प्रकार. पात्याचं टोक धडावरच लागायला हवं, टोकावर निदान 500 ग्रॅमचा दाब पडायला हवा. दोघांचं एकदम लागलं, तर चढाईचा हक्क कुणाचा होता ते पंच ठरवणार. म्हणजे डोळ्यांना दिसलं, तरी पंच काय म्हणतो ते पाहायचंच.

आज मी ज्याच्याविषयी बोलतोय, त्या जपानी तलवारबाज युकी ओताचं सगळं आयुष्य या न दिसण्याशी झगडण्यात गेलं, असं मला वाटतं. जन्म 1985 चा, शिगा प्रांतातल्या ओत्सुचा. प्राथमिक शाळेत असताना वडिलांनी लालूच दाखवली: फेन्सिंग शिकलास तर सुपर फॅमिकॉम घेऊन देतो. व्हिडिओ गेमपायी पोरगा तयार झाला. बाप मात्र पुरा वस्ताद. पुढे वर्षानुवर्षं, एक दिवसही खाडा न करता, बापलेकांचा सराव चालला. केंडोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, देशात ही युरोपी तलवार तशी पोरकीच, त्यामुळे बघणारं फारसं कुणी नव्हतं.

2004 ला अथेन्स ऑलिम्पिकमध्ये नववा. 2006 ला दोहाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आणि मग 2008 चं बीजिंग. तिथे हा बेकार म्हणून उतरला, अगदी शब्दशः. विद्यापीठ संपलेलं, नोकरी नाही. उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीच्या पीटर योपिखला हरवलं, तोही साधासुधा नव्हे, जगज्जेता! उपांत्य फेरीत इटलीच्या सान्झोला 15-14 असं टिपलं. अंतिम सामन्यात जर्मनीच्याच क्लाइब्रिंककडून हरला, पण फेन्सिंगमधलं जपानचं पहिलं ऑलिम्पिक पदक त्याच्या गळ्यात आलं. रौप्यपदक घेऊन आलेला बेकार, याची जपानी वर्तमानपत्रांना भारी गंमत वाटली. पुढे मोरिनागा या मिठाईच्या कंपनीने त्याला नोकरीत घेतलं.

लंडनला, 2012 मध्ये, सांघिक फॉइलच्या उपांत्य फेरीत समोर पुन्हा जर्मनी. शेवटच्या सेकंदांत ओताने बरोबरी साधली आणि जादा वेळेत जपान 41-40 ने जिंकलं. पंचांनी पुन्हापुन्हा चित्रण तपासलं, तेव्हा कुठे निकाल लागला. बघा, पंचांनाही दिसत नव्हतं! अंतिम सामना इटलीने जिंकला. 2015 ला मॉस्कोत ओता जगज्जेता झाला, जपानचा पहिला. आणि वर्षभरात रिओला ब्राझीलच्या तोल्दोकडून पहिल्याच लढतीत 15-13 ने हार. तिथेच त्याने तलवार ठेवली.

आता मला जास्त रस आहे तो भाग. पदकांनी कौतुक झालं, पण स्पर्धेच्या खुर्च्या काही भरल्या नाहीत. 2017 ला, एकतिसाव्या वर्षी, ओता जपानच्या फेन्सिंग महासंघाचा अध्यक्ष झाला. 2018 ला राष्ट्रीय स्पर्धेचे अंतिम सामने त्याने व्यायामशाळेतून उचलले आणि टोकियोच्या ग्लोब थिएटरात, चक्क नाटकाच्या रंगमंचावर नेले. दिव्यांचा झगमगाट, संगीत, सगळा थाट. पात्याच्या टोकाची वाट रंगीत रेषेने पडद्यावर उमटवणाऱ्या तंत्रामागेही तो होताच. राष्ट्रीय संघाच्या निवडीत इंग्रजीची परीक्षा आणायचंही त्याने ठरवलं. का? परदेशी पंचांशी आणि प्रशिक्षकांशी बोलता यायला हवं म्हणून. मला हे पटतं; ज्या खेळात निम्मं भांडण पंचाच्या अर्थ लावण्याचं, तिथे मुका खेळाडू अर्धा हरलेलाच.

सगळी तयारी टोकियो ऑलिम्पिकसाठी. 2021 च्या जूनमध्ये ओताची मुदत संपली. जुलैत माकुहारी मेस्सेच्या सभागृहात आपली भवानीदेवी उतरली, ऑलिम्पिक खेळणारी भारताची पहिली तलवारबाज; पहिली लढत तिने 15-3 अशी जिंकली. चार दिवसांनी त्याच सभागृहात जपानच्या पुरुषांनी सांघिक ईपीत (फेन्सिंगचाच आणखी एक प्रकार) रशियन संघाला 45-36 असं हरवून देशाचं फेन्सिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. चढत्या आरोळ्या, बुटांचे आवाज, आणि समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा.