शून्यावरचा काटा

स्वारगेटजवळचं पंक्चरचं दुकान. "पुढे पंचवीस, मागे तीस," गाडीवाला सांगतो. नळी व्हॉल्व्हवर बसते, फुस्स होतं आणि मीटरचा काटा थरथरत तिसाला टेकतो. हे ३० म्हणजे ३० पीएसआय, दर चौरस इंचाला तीस पौंडांचा जोर.

नळी काढली की काटा शून्यावर. पण मीटरभोवती हवा आहेच, आणि तिलाही दाब आहे. समुद्रकाठी तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल (एक हेक्टोपास्कल म्हणजे शंभर पास्कल) असतो. पुणं साधारण ५६० मीटर उंचावर, त्यामुळे इथे सुमारे ९५०, म्हणजे पावणेचौदा पीएसआय. सिंहगडावर तो आणखी ८० हेक्टोपास्कलनं उतरतो. फ्रान्समध्ये १६४८ साली ब्लेझ पास्कल या शास्त्रज्ञाच्या मेहुण्यानं पाऱ्याची नळी डोंगरावर नेऊन हेच दाखवलं होतं. आज दाबाचं एकक पास्कलच्याच नावानं आहे, आणि शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातले हवामानखात्याचे लोक रोज त्यातच बोलतात.

टायरचा मीटर मात्र ही बाहेरची हवा धरतच नाही. आत तिच्यापेक्षा किती जास्त, एवढंच सांगतो. हा गेज दाब. त्यात बाहेरचा दाब मिळवला की निरपेक्ष दाब. दाबाचा आकडा सांगताना यातला कोणता, हे सांगायलाच हवं.

फरक कुठे पडतो? सकाळी २७ अंशांना टायरमध्ये ३० भरले. दुपारच्या रस्त्यावर आतली हवा ५७ अंशांवर गेली. वायूचे रेणू जोरानं धावू लागले, टायरच्या भिंतीवर जास्त आदळू लागले. केल्व्हिनमध्ये, म्हणजे सेल्सिअसच्या अंशांत २७३ मिळवून, तापमान ३०० चं ३३० झालं, दहा टक्के वाढ. दाबही दहा टक्के वाढणार, पण निरपेक्ष दाब, म्हणजे तीस अधिक पावणेचौदा, पावणेचव्वेचाळीसवर, तिसावर नाही! काटा ३३ ऐवजी ३४ च्या पुढे जातो. म्हणून हवा तपासायची ती टायर थंड असतानाच.

सीएनजी पंपावर रिक्षांची रांग आहे. इथे भाषा बारची. १ बार म्हणजे १ लाख पास्कल, जवळपास साडेचौदा पीएसआय. रिक्षाच्या टाकीत २०० बारपर्यंत गॅस भरतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोंहून जास्त जोर. ही टाकी ठराविक मुदतीनं तपासून घ्यावीच लागते, आणि ती चाचणी पाणी भरून करतात. पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही. टाकी फुटलीच, तर दाबलेल्या गॅससारखा स्फोट होत नाही.