डेरीची शाळा आणि तिथली दोन नोबेल

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात नेणार आहे, सेंट कोलंब्स कॉलेजात. नावात कॉलेज असलं तरी ही आहे शाळा. फक्त मुलग्यांची, कॅथलिक, 1879 साली सुरू झालेली. तिकडे अशा शाळेला ग्रामर स्कूल म्हणतात. पूर्वी तिथे लॅटिनचं व्याकरण घोटून घेत, त्यावरून हे नाव पडलं.

या शाळेच्या दोन विद्यार्थ्यांना नोबेल मिळालं. कवी शेमस हीनी यांना 1995 साली साहित्याचं आणि जॉन ह्यूम यांना 1998 साली शांततेचं. शाळेत दोघं काही वर्षं एकाच वेळी होते. नाटककार ब्रायन फ्रील इथलेच, समीक्षक शेमस डीन हीनींचे सोबती, संगीतकार फिल कोल्टरही इथलेच.

एवढी माणसं एका शाळेतून कशी निघाली? मला वाटतं, याचं श्रेय शिक्षकांच्या बरोबरीने एका कायद्याला द्यावं लागेल. 1947 च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा पास होणाऱ्या मुलाला ग्रामर स्कूलची फी भरावी लागेनाशी झाली. डेरीत कॅथलिक बहुसंख्य होते, तरी घरं, नोकऱ्या, नगरपालिका, सगळीकडे त्यांना डावललं जाई. अशा घरांतल्या मुलांना आता वर यायला वाट मिळाली. जी मुलं त्या अकराव्या वर्षी नापास झाली, त्यांची नावं मात्र आपल्याला कधीच कळणार नाहीत. ही गोष्ट मला फार लागते.

शेमस हीनी शेतकऱ्याचा मुलगा, नऊ भावंडांत थोरला. 1951 साली, बारा वर्षांचा असताना, तो वसतिगृहात आला. शिस्त कडक, पट्ट्याचा मार ठरलेला. 1953 साली, शेमस शाळेतच असताना, घराजवळच्या रस्त्यावर त्याचा चार वर्षांचा भाऊ मोटारीखाली गेला. शेमसला घरी न्यायला माणसं येईपर्यंत त्याला शाळेच्या दवाखान्यात बसवून ठेवलं होतं. पुढे हीनींनी त्यावर कविता लिहिली. तिच्यात रडारड नाही, पण ती वाचून झाल्यावर मला बराच वेळ बोलवत नाही.

ह्यूम डेरी शहरातलेच. वडील बरीच वर्षं बेकार, आई शर्ट शिवून घराला हातभार लावी. धर्मगुरू होण्यासाठी घेतलेलं शिक्षण अर्ध्यावर सोडून ते परतले आणि पुढे याच शाळेत फ्रेंच आणि इतिहास शिकवू लागले. 1960 साली त्यांनी काही जणांबरोबर डेरीत एक पतपेढी काढली. गरिबाला सावकाराच्या दारात जावं लागू नये, एवढाच हेतू. आयुष्यातलं सर्वांत अभिमानाचं काम म्हणून ते तिचंच नाव घेत.

मग रक्तपाताची वर्षं आली. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावं, असं बहुतेक प्रॉटेस्टंटांना वाटे; आयर्लंडला जोडलं जावं, असं बहुतेक कॅथलिकांना. 30 जानेवारी 1972 रोजी डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि त्या दिवशी 13 जण गेले. जखमी मुलाला नेणाऱ्यांच्या पुढे वाकून, रक्ताळलेला पांढरा रुमाल हलवत निघालेला पाद्री जगाने पाहिला. ते एडवर्ड डॅली, तेही याच शाळेचे विद्यार्थी. ह्यूम तोवर राजकारणात उतरले होते. त्यांनी मात्र हिंसेचं कधीच समर्थन केलं नाही. तरीही ज्यांच्या हाती बंदुका होत्या, त्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या बाजूच्या राजकीय नेत्याशी, गेरी अॅडम्स यांच्याशी, ते 1988 पासून बोलत राहिले. त्यापायी त्यांनी शिव्याशाप झेलले, अगदी आपल्या माणसांचेसुद्धा. 10 एप्रिल 1998 रोजी, गुड फ्रायडेला, शांततेचा करार झाला. पुढे भारत सरकारने त्यांना 2001 चा गांधी शांतता पुरस्कार दिला.

नोबेलचे पैसे त्यांनी घरी ठेवले नाहीत. गरिबांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांना ते दिले. त्यातली एक कॅथलिकांची होती, दुसरी प्रॉटेस्टंटांची.

नमस्कार.