नागपूरच्या मँगनीजचं बंदर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी आज मी बोलणार आहे एका बंदराबद्दल, आणि ते थोडं आपलंही आहे असं मी मनापासून मानतो. ते बंदर म्हणजे विशाखापट्टणम.

मनसर-कांद्रीच्या बाजूला गेलात की काळपट दगडाचे ढीग दिसतात. तेच मँगनीज. मूठभर दगड उचलून पाहा, हाताला लगेच भार जाणवतो. पोलाद कणखर व्हायला ते लागतं. 1900 च्या सुमारास नागपूर, भंडारा, बालाघाटच्या खाणी सुरू झाल्या आणि माल विलायतेला निघाला. पण जहाजापर्यंत न्यायचा कुठून?

मुंबईची रेल्वे 1867 सालीच नागपुरात पोचली होती, मुख्यतः कापसाच्या ओढीनं. तो पल्ला आठशे किलोमीटरच्या वर. कलकत्ता त्याहून लांब. कापसाला हे भाडं झेपायचं. मँगनीज पडलं वजनाला भारी आणि भावाला हलकं. त्याची कमाई वाटेतच जिरायची.

विशाखापट्टणमला ईस्ट इंडिया कंपनीची वखार 1682 पासूनची. मध्य प्रांताला, म्हणजे तेव्हा आपलं नागपूर ज्यात होतं त्या प्रांताला, समुद्राचं दार हवं आणि ते इथं उघडता येईल, असं 1877 मध्येच मांडलं गेलं होतं. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला पहिलं महायुद्ध उलटून जावं लागलं. पाठपुरावा केला तो बंगाल नागपूर रेल्वेनं. आपले जुने लोक म्हणतात ती बी.एन.आर.

दोन कामं एकमेकांवर अडलेली होती. बंदराशिवाय रेल्वेला माल नाही, रेल्वेशिवाय बंदराला अर्थ नाही. ओडिशाच्या डोंगर-जंगलांतून रायपूर ते विशाखापट्टणमजवळचं विजयनगरम हा मार्ग 1931 मध्ये पुरा झाला. गोंदिया, रायपूर, टिटलागढ, रायगडा करत नागपूरचा माल थेट बंगालच्या उपसागरावर उतरू लागला.

बंदराचं काम तर विलक्षण. डॉल्फिन्स नोज नावाच्या डोंगराच्या आडोशाला एक खाडी होती, पण लाटा किनाऱ्यानं वाळू वाहून आणत आणि तिचं तोंड बुजवत. इंजिनिअरांनी दोन जुनी जहाजं तोंडाशी मुद्दाम बुडवली आणि त्यांचाच बांध केला. वाळू तिथं अडायची आणि यंत्रानं उपसली जायची. डिसेंबर 1933 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते बंदराचं उद्घाटन झालं.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा डोंगरावर उभा राहून त्या अरुंद वाटेतून आत येणारं जहाज कितीतरी वेळ पाहत होतो. मनात येत होतं ते खाणीतल्या बायाबापड्यांचं. उन्हातान्हात हातोड्यानं दगड फोडून, टोपल्यांनी वाहून त्यांनी वॅगनी भरल्या. पोलाद झालं परदेशात, आणि नफाही तिकडंच गेला. ज्यांच्या हातांनी ते बंदर भरलं, त्यांतल्या कितीजणांनी समुद्र पाहिला असेल?

श्रोतेहो, तुमच्या घरात कोणी बी.एन.आर.मध्ये किंवा मँगनीजच्या खाणीवर कामाला होतं का? असतील तर त्यांच्याजवळ बसा, विचारा. आणि जे ऐकाल ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा. नमस्कार.